राहिलेलं टिंब

मुदुंग डोंगरावरच्या उभ्या दगडांवर लोकांनी कोरून ठेवलेली नावं बुजवायची आहेत, हाताने काम करणारा पाथरवट हवा आहे, असा फोन उद्यानाच्या कचेरीतून आला तेव्हा प्यो दल्सू ओसरीवर बसून वाळवणाची पर्सिमन सोलत होता. पलीकडची बाई आणखी काही सांगत होती, पण याने मध्येच "येतो" म्हणून टाकलं. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं, की हातातलं फळ आपण सोलता सोलता पार बियांपर्यंत आणलंय.

चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने एवढं चढून जाऊन दगडाशी झटापट करू नये, हे त्यालाही कळत होतं. तालुक्यात आणखी दोन पाथरवट होते, चांगले तरणेताठे. पण ते यंत्रावर काम करणारे. "यंत्राला घाई असते, दगडाला नसते," असं दल्सू त्यांच्या तोंडावर सांगायचा, म्हणून लग्नकार्यात ते त्याच्यापासून चार हात लांबच बसत. तरी आपण हो का म्हटलं, याचं खरं कारण त्याने कुणाला सांगितलं नाही. त्या उभ्या दगडांतल्या एकाच्या पाठीवर, छातीइतक्या उंचीवर, एक नाव त्याने स्वतः कोरलेलं होतं. नाव बायकोचं होतं आणि ते चुकलेलं होतं.

चूक मोठी नव्हती. एका टिंबाची होती.

दल्सू तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. मामाच्या हाताखाली थडग्यांचे दगड कोरायचा. या धंद्यात लिहिणारा वेगळा आणि कोरणारा वेगळा. पंडिताने चिनी अक्षरं कागदावर लिहून द्यायची, कागद दगडाला चिकटवायचा आणि त्यावरून टाकी चालवायची. त्यामुळे दल्सूचा हात देखणा आणि डोकं कोरी पाटी, अशी अवस्था. त्या वर्षी दोंगबोक गावच्या मून गुरुजींच्या आईचा दगड पोचवायला तो गेला, तर गुरुजींची मुलगी दगडाभोवती दोन चकरा मारून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"यात आमच्या आजीचं नाव कुठाय?"

"आहे की. 'नाम्प्योंगच्या मून घरची सून, यू घराण्यातली लेक.'" हे त्याला मामाने पाठ करून दिलं होतं; नाम्प्योंग हे मून घराण्याचं मूळ गाव.

"ते घराण्याचं झालं. तिचं नाव?"

"बायकांचं नाव घालत नाहीत. रीत आहे तशी."

"मग आमची नावं ठेवता तरी कशाला?" ती फणकारली. मग म्हणाली, "मुदुंगच्या उभ्या दगडांवर म्हणे जुन्या अंमलदारांची नावं आहेत. तिथे रीत विचारायला कोण बसलंय?"

दल्सूला काय झालं कोण जाणे. "लिहून दे," तो म्हणाला. तिने इकडेतिकडे बघितलं, अंगणातल्या पर्सिमनच्या झाडाचं एक रुंद पान तोडलं आणि वडिलांच्या कुंचल्याने त्यावर दोन अक्षरं काढली. ओकरिम. ओक म्हणजे रत्न, रिम म्हणजे रान.

पान त्याने टोपीत घालून नेलं. दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच निघून डोंगर चढला, दुपारभर टाकी चालवली आणि आयुष्यात केलं नाही इतकं नेटकं काम केलं. पण शरद ऋतूतलं पर्सिमनचं पान ते! त्याच्यावर काळे डाग पडलेले असतात, पानभर. रत्नाच्या अक्षरात पोटाशी एक टिंब असतं. त्या बिचाऱ्याला वाटलं, हाही डागच. टिंब गाळलं, की रत्नाचा राजा होतो. ओकचं वांग होतं. आणि वांग हे आडनावही असतं, दगडावर ते दिसलं, की वाचणारा पुरुषच समजतो.

पुढे रीतसर मागणी घालून लग्न झालं. तिसऱ्या महिन्यात दोघं रानभाजी खुडायला डोंगरात गेली, तेव्हा त्याने मोठ्या तोऱ्यात तिला दगडाच्या मागे नेलं. ओकरिमने वाचलं, आणि खुडलेली भाजी तिथेच टाकून ती खाली बसली. हसून हसून तिला उचकी लागली.

"अहो, हे वांग रिम कोण? कुठले सरदार?"

"तूच की!"

"मी? मला मिशा लावल्यात तुम्ही! एक टिंब खाल्लंत आणि बायकोचा बुवा केलात!"

त्याने दुसऱ्या दिवशीच टाकी घेऊन येऊन टिंब द्यायची तयारी केली होती. तिने अडवलं. "राहू दे. टिंब दिलं की तुम्ही सुटलात. देणं राहिलेला नवरा बरा असतो." झालं. तेव्हापासून त्या टिंबाने दल्सूची जी पाठ घेतली, ती घेतलीच. भातात खडा आला, की "खडा कसला, टिंब असेल, डोंगरावर द्यायचं ते भातात पडलं." त्याला उशीर झाला, की "गेला होतात वाटतं तुमच्या वांग सरदारांकडे." पोरं मोठी होईपर्यंत हा विनोद जुना झाला नाही. पोरांना तो कधी कळला नाही ती गोष्ट वेगळी.

आणि विनोद सोडला तर तिचं नाव उरलंच कुठे होतं? इथे सुनेला माहेरच्या गावाने ओळखतात. गावासाठी ती दोंगबोकवाली झाली, मुलांसाठी आई. दल्सू "अगं" म्हणायचा. पन्नास वर्षांत त्याने तिला नावाने हाक मारली नाही. मनात नव्हतं असं नाही, पण जीभच वळायची नाही. मधल्या काळात डोंगराचं राखीव उद्यान झालं, टाकी घेऊन जायला बंदी आली, त्याचे गुडघे गेले. टिंब राहिलं ते राहिलंच.

तीन वर्षांपूर्वी इस्पितळात, शेवटच्या आठवड्यात, ती एका दुपारी डोळे मिटूनच म्हणाली, "टिंब राहिलं हो." हसत होती का, ते त्याला दिसलं नाही. ऑक्सिजनचा मास्क होता तोंडावर. थट्टा की तक्रार, हे आता विचारणार कुणाला! तिच्या थडग्याचा दगड त्याने स्वतःच कोरला. भाऊबंद बसले होते, रीत होती. 'प्यो घरची सून, नाम्प्योंगच्या मून घराण्यातली लेक.' हातात टाकी होती, दगड समोर होता आणि त्याने तिचं नाव घातलं नाही. त्या गोष्टीची त्याला आता फार लाज वाटायची. एक शब्द बोलला असता तर कोण काय करणार होतं? पण नाही बोलला.

म्हणून तो डोंगरावर निघाला. टिंब द्यायला निघाला, आणि धास्ती ही, की टिंब द्यायच्या आधी सगळं नावच पुसायला लावतील.

जीप खिंडीपर्यंत जायची. पुढे रुपेरी गवतातून पायवाट. कचेरीतली बांग उन्जू नावाची तिशीची मुलगी त्याच्याबरोबर होती, दगडांचं शिक्षण घेतलेली, पाठीवर पिशवी, हातात नोंदवही. उभे दगड समोर आले तशी ती एकदम खुलली.

"आजोबा, हे सगळं ज्वालामुखीच्या राखेचं आहे. तापलेली राख थर थर साचली, मग निवताना आक्रसली आणि उभ्या चिरा गेल्या. त्याचे हे खांब."

"आणि खाली पडलेत ते?"

खाली उतारावर दगडांची नदी होती. शेकडो हातांपर्यंत नुसते आडवे, एकमेकांवर रेललेले धोंडे.

"ते हिमयुगात. भेगांत पाणी शिरून गोठायचं, खांब फुटायचे आणि घरंगळत खाली यायचे."

"म्हणजे वरचे तापटपणामुळे आणि खालचे गारठ्यामुळे," दल्सू म्हणाला. "आमच्या घरात याचा वेगळाच अर्थ लावायचे. वर नुसते उभे आहेत ते पुरुष. खाली आडव्या पडल्यात त्या बायका. त्यांच्या पोटाखालून पाणी वाहतं, ते गाव पितं."

"कोण म्हणायचं?"

"होतं एक माणूस," तो म्हणाला आणि पिशवी उघडायला लागला.

काम सोपं होतं. लाल खडूची फुली असेल ते नाव बुजवायचं. निळी दोरी बांधलेलं राखायचं. ती जुन्या विद्वानांची, अंमलदारांची, शंभर-दोनशे वर्षांपूर्वीची. त्याच दगडाची पूड राळेत मळायची, अक्षरात दाबायची आणि सुकत आली, की बारीक हातोडीने टोचून मूळ दगडासारखी खरबरीत करायची. पहिल्याच तासाला तो एका बारक्या भोकाशी थबकला.

"हेही भरू?"

"नको, नको!" उन्जू धावत आली. "हे दगडाचं स्वतःचं आहे. राखेत वाफ अडकते, तिचं. नैसर्गिक छिद्र भरलंत तर माझी नोकरी जाईल, आजोबा."

दोन दिवस त्याने नावं बुजवली. दोघादोघांची, मधे बदाम काढलेली, सैन्यात जाणाऱ्या पोरांची, तारखेसह, शाळेच्या सहलीची. पहिल्या दिवशी तो बडबडत होता, "काय मेल्यांना अवदसा आठवते! दगड काय यांच्या बापाचा?" आणि मग त्याला स्वतःचीच टाकी आठवली. दुसऱ्या दिवशी एक नाव लागलं, कुणाचंतरी, हात अगदी कच्चा, खिळ्याने खरवडलेलं. ते बुजवताना त्याने उगाचच टोपी काढून बाजूला ठेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो त्या दगडाच्या मागे गेला. शेवाळ बाजूला केलं. नाव होतं. पंचावन्न हिवाळे खाऊन धार बोथट झालेली, कडांना काळपट बुरशी, पण उभं. वांग रिम. आणि त्याच्यावर लाल फुली नव्हती. निळी दोरी होती.

त्याला आधी काही उमजेना.

"हे राखायचं?" त्याने मागून आलेल्या उन्जूला विचारलं.

"अहो, हे तर सगळ्यात सुंदर!" उन्जू म्हणाली. "हात बघा ना काय आहे. नवशिक्याचं काम नाही हे. आमचा अंदाज, वांग रिम म्हणून कुणी विद्वान इथे येऊन गेले असावेत, निदान दीडशे वर्षांपूर्वी. मी त्यांच्यासाठी छोटा फलक लिहिलाय. ऐका हां." तिने वहीतून वाचून दाखवलं. त्या फलकात वांग रिम नोकरीचा राजीनामा देऊन एकांतासाठी डोंगरात आले होते, आणि इथे बसून त्यांनी चंद्र पाहिला असावा, असं होतं.

दल्सूला इतक्या जोरात हसू आलं, की खोकल्याचं सोंग आणावं लागलं. ओकरिमला हे सांगायला हवं होतं. रात्रभर हसली असती, "मिशा होत्याच, आता राजीनामाही दिला!" मग हसू ओसरलं आणि सांगायला ती नाही, हे नेहमीसारखं मागाहून आठवलं.

उन्जू पलीकडच्या दगडांची मापं घ्यायला गेली. दल्सू दगडाशेजारी बसला. डबा उघडला, भाताचा एक गोळा हातात घेतला, खाल्ला नाही.

गोष्ट साधी होती आणि म्हणूनच वाईट होती. तो गप्प बसला, तर ही दोन अक्षरं राहणार. त्याच्यामागे, त्याच्या पोरांमागे, शंभर वर्षं. निळी दोरी, फलक, वर छप्परसुद्धा घालतील एखादं. पण राहणार तो वांग रिम. कुणी परका बुवा, चंद्र बघणारा. आणि टिंब दिलं, तर ते तिचं नाव होणार. मग कुणीही वाचलं तरी कळेल, ही बाई आहे, अलीकडची आहे, आणि ताज्या टिंबाचा पांढरा घाव तर आंधळ्यालाही दिसेल. मग लाल फुली. मग बुजवणार कोण? हाच.

चुकीचं नाव कायमचं, की बरोबर नाव घटकाभर.

एकदा त्याला वाटलं, राहू दे. अक्षरं तर तिचीच आहेत, पानावरून उतरवलेली. टिंबाचं काय एवढं? पण याच "काय एवढं"वर त्याने तिच्या थडग्यावरही नाव गाळलं होतं. आणि परवापासून त्याने चाळीसजणांची नावं बुजवली होती. त्या खिळेवाल्याचंही कुणी असेलच की घरी. त्याने गोळा डब्यात परत ठेवला आणि हात पुसले.

मामाने शिकवलं होतं, टिंब शेवटी द्यायचं आणि एका घावात द्यायचं. दुसरा घाव घातला, की कड उडते. दल्सूचा हात गेली दोन वर्षं चहाचा पेलाही सरळ धरत नव्हता. त्याने टाकी रत्नाच्या पोटाशी टेकवली. हात हलत होता. त्याने श्वास सोडला, हात थांबायची वाट पाहिली. खालच्या दगडांच्या नदीतून पाण्याचा आवाज येत होता, दिसत नाही ते पाणी. मग त्याने हातोडी घातली.

गोल, खोल, स्वच्छ टिंब. एका घावात.

"घे," तो मोठ्याने म्हणाला. "पंचावन्न वर्षं डोकं खाल्लंस."

मग त्याने जागेवरूनच हाक मारली, "उन्जू! जरा इकडे ये. हे वाच."

ती आली, वाकली. "वांग... नाही. ओक. ओकरिम?" ती त्याच्याकडे बघायला लागली. "आजोबा, हे टिंब आत्ता..."

तिच्या तोंडून ते नाव ऐकलं आणि दल्सूचे डोळे भरून आले. मून गुरुजी गेल्यापासून हे नाव कुणी उच्चारलंच नव्हतं. चाळीस वर्षं झाली असतील.

"माझी बायको," तो म्हणाला. "तुमचे ते विद्वान म्हणजे आमच्या घरची दोंगबोकवाली. राजीनामा वगैरे काही नाही. डोंगरात भाजी खुडायला यायची." आणि त्याने तिला सगळं सांगितलं, पानावरच्या डागांसकट.

उन्जू हसायला लागली, मग थांबली. नोंदवहीची कड नखाने सोलत म्हणाली,

"तुम्ही बोलला नसतात तर कुणालाही कळलं नसतं. हे नाव राहिलं असतं, आजोबा."

"वांगचं राहिलं असतं. परक्या पुरुषाच्या नावाने तिला इथे उभी करून मी खाली जाऊ?"

"पण आता मला हे..." तिने निळ्या दोरीकडे बघितलं. "मला नोंद करावी लागेल. नियम आहे."

"म्हणूनच पूड मळून ठेवलीये," दल्सू म्हणाला. "तू जा, तुझी मापं घे. चार वाजता ये."

ती गेली. दल्सूने घाई केली नाही. आधी नुसता बघत बसला, ऊन त्या दोन अक्षरांवरून पूर्ण सरकेपर्यंत. एवढा वेळ ती तिथे होती, बरोबर नावाने. मग त्याने रान बुजवलं, एकेक रेघ. मग रत्न. राळ अक्षरात दाबताना अंगठा प्रत्येक वळणावर आपोआप जात होता. हाताला सगळं पाठ होतं. हातोडीने टोचून टोचून त्याने कड मोडली. काम इतकं चांगलं झालं, की त्याला स्वतःचाच राग आला.

चारला उन्जू आली. दगड कोरा होता. तिने निळी दोरी सोडून खिशात घातली, तळहात दगडावरून फिरवला, आणि एका जागी तिचं बोट अडलं. छातीइतक्या उंचीवर एक बारीक भोक. गोल, खोल, स्वच्छ.

"आजोबा, हे राहिलं."

दल्सू अवजारं पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "ते दगडाचंच आहे. वाफ अडकते ना, तिचं."

उन्जूने भोकाकडे बघितलं. त्याच्या कडा पांढऱ्या होत्या आणि खाली दगडाची ताजी पूड सांडली होती. दगडांचं शिक्षण झालेली मुलगी ती. वाफेचं भोक कसं असतं हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिने खाली वाकून ती पूड फुंकरीने उडवून दिली. मग नोंदवही उघडून त्या दगडापुढे लिहिलं, आणि लिहिताना मोठ्याने वाचलं:

"नैसर्गिक छिद्र, एक. भरू नये."

दल्सूने पिशवी खांद्याला अडकवली. चार पावलं गेला आणि थांबला. जीभ वळत नव्हती, नेहमीसारखीच. पण आजूबाजूला दगडांशिवाय कुणी नव्हतं आणि उन्जू मुद्दाम पाठ करून उभी होती.

"ओकरिम," तो म्हणाला. "दिलं गं टिंब."